गादीवाले गप्प आहेत

रविवार, ४ ऑगस्ट

वहिनी,

सौ. लिहावं की श्रीमती, हे ठरेना, म्हणून नुसतं वहिनी लिहिलं आहे.

आज सातला उठलो. दूध तापवलं. दादाची खोली झाडली. साडेनऊला त्याचा संगणक सुरू केला, अकराला बंद केला. जेवलो. आता साडेतीन वाजलेत.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. त्यात माझी तक्रार नाही, मलाही फोनवर बोलता येत नाही. जूनमध्ये दादाचं कळवायला फोन केला तेव्हा तुम्ही "बरं" म्हणालात, मग मीही "बरं" म्हणालो. त्यापुढे काय बोलतात ते मला अजून माहीत नाही.

मुद्द्याचं लिहितो. तुम्ही गायलेली अकरा गाणी दादाच्या संगणकात आहेत. ती 'नादपट'मध्ये आहेत, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर तो सगळं रेकॉर्डिंग करायचा त्यात. कंपनीने कळवलं आहे की ३१ ऑगस्टनंतर नादपटची आठवी आवृत्ती उघडणार नाही. ती दर वेळी उघडताना कंपनीला विचारते, उघडू का, आणि ३१ नंतर तिकडे हो म्हणायला कोणी नसेल. म्हणजे गाणी आत आणि आपण बाहेर. मी वजनकाटे तपासणारा माणूस, मला यातलं एवढंच कळलं.

आणखी एक गोष्ट झाली आहे. नादपट वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. दादा तिथे रोज जायचा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भिंतींना जुन्या गाद्या टांगा, आवाज स्वच्छ येतो, असं तो सगळ्यांना सांगायचा म्हणून तिथे त्याचं नाव 'गादीवाले' पडलं होतं. संगणक सुरू केल्यावर तो कट्टा आपोआप उघडला. सगळ्यात वरचा विषय होता: 'गादीवाले गप्प आहेत'. त्याखाली चारशे बारा उत्तरं होती.

मला वाटलं लोक चौकशी करत असतील. तसं नव्हतं. नवी आवृत्ती काढण्याआधी कंपनी काही जुन्या माणसांना ती गुपचूप वापरायला देते आणि कुठे बोलणार नाही अशी सही घेते. अकरा वर्षांपूर्वी दादा असाच चार महिने कट्ट्यावरून गायब झाला आणि पाठोपाठ आठवी आवृत्ती आली. आता तो सात आठवडे गप्प आहे. म्हणजे नववी येणार, असा त्यांचा हिशेब आहे.

मी उत्तर दिलं नाही. गाण्यांचं काय करायचं ते कळवावं.

तुमचा दीर

सोमवार, १२ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. "भाऊजी, मला गाणी नकोत. मशीन भंगारात द्या." एवढंच असल्यामुळे दोन्ही बाजू उलटून पाहिल्या.

भंगारवाला रविवारी येतो. काल तो आला तेव्हा मी दार उघडलं नाही.

मी कट्टा थोडा वाचला. दोन पक्ष आहेत. एक येणारवाले, दुसरे गेलंवाले. येणारवाल्यांचा पुढारी 'गंजकी तार' नावाचा गिटारवाला आहे. गेलंवाल्यांचा पुढारी 'खडूस'. त्यांचं बोलणं साधारण असं चालतं.

गंजकी तार: कंपनीच्या पानावरचं बटण निळ्याचं केशरी झालंय! आठ यायच्या आधी पण बदललं होतं!

खडूस: तेव्हा हिरवं झालं होतं.

गंजकी तार: मग? बदललं ना?

खडूस: अरे बाबा, निम्मी माणसं काढली त्यांनी.

गंजकी तार: काम संपल्यावर काढणारच. म्हणजे नऊ तयार आहे.

खडूस: मी स्वतः फोन लावला. कुणी उचलत नाही.

गंजकी तार: बिझी आहेत!

आमच्या कार्यालयातही काटा चुकतो हे मान्य न करणारे दुकानदार येतात, पण ते निदान वजन बघतात. इथे कुणी काटाच बघत नाही.

माझ्या हातून एक चूक झाली. मी नुसतं वाचत होतो, पण मी वाचत असताना दादाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. दहा मिनिटांत साठ लोक गोळा झाले. "काका आले!" "काका, फक्त हो की नाही सांगा!" "त्यांना अडचणीत आणू नका रे, सही केलीय त्यांनी!" काहीतरी लिहायला हवं म्हणून मी लिहिलं, "कृपया माझ्याकडून कोणतीही अपेक्षा ठेवू नये." आमच्या कार्यालयात अर्जदारांना आम्ही हेच लिहितो.

गंजकी तारने लगेच खाली लिहिलं, "हे वाक्य वकिलाने लिहून दिलंय. काका असं बोलत नाहीत. लिहून घ्या, पंधरा दिवसांत नऊ येणार."

आज सकाळपर्यंत त्या एका वाक्यावर दोनशे उत्तरं झाली होती. "ठेवू नका" न म्हणता "ठेवू नये" म्हटलंय, म्हणजे हुकूम वरून आहे, असं एकाने सिद्ध केलं आहे. मी बावीस वर्षं शेरे लिहितो आहे. माझा एकही शेरा आजवर कुणी इतका नीट वाचला नव्हता.

भंगाराचं पुढच्या रविवारी बघतो.

तुमचा दीर

रविवार, १८ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं उत्तर नाही, तरी लिहितो, कारण प्रकरण आता वेगळ्या वळणावर गेलं आहे.

कट्ट्यावर एक 'पेटीमास्तर' आहेत. शाळेत गाणं शिकवतात. वर्गातल्या पोरांची बावीस वर्षांची समूहगीतं त्यांनी नादपटमध्ये ठेवली आहेत. खडूसने त्यांना विचारलं, मास्तर, बाहेर काढून घेतलीत का? त्यावर त्यांनी लिहिलं, "धोका असता तर गादीवाल्यांनी पहिल्यांदा मला सांगितलं असतं. सातवी बंद झाली तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. ते गप्प आहेत म्हणजे काळजीचं कारण नाही."

त्याखाली पस्तीस जणांनी "मीसुद्धा थांबलोय" असं लिहिलं.

वहिनी, तेरा दिवस राहिले. ही माणसं दादाच्या गप्प बसण्यावर विसंबून थांबली आहेत. ३१ नंतर त्यांचं सगळं आत राहील. आणि खरं काय ते माहीत असलेला माणूस मी एकटा आहे.

मी लिहायला बसलो. सात वेळा लिहिलं, सात वेळा पुसलं. "कळवण्यास खेद होतो की" इथपर्यंत जातो आणि पुढे जात नाही. कार्यालयातही मी नीट सांगितलेलं नाही. तीन दिवसांच्या रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, घरगुती काम. परत गेल्यावर साहेब म्हणाले, "काय, रंगकाम काढलं होतं का?" मी हो म्हणालो. आता ते दर आठवड्याला विचारतात, कोणता रंग दिला. मी पिस्ता सांगितला आहे.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना मात्र माहीत आहे. तरी त्या रोज वर येऊन दारातून विचारतात, "भाऊ, चालवू का मशीन?" दादा रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांचं शिवणयंत्र थांबवायला लावायचा, त्याची सवय. मी म्हणतो, चालवा. त्या म्हणतात, "नक्की ना? आत काही चालू नाही ना?" मी म्हणतो, नाही. मग त्या खाली जातात.

भंगारवाला आज आला होता. मी त्याला वर्तमानपत्रं आणि मोडकी बादली दिली.

तुमचा दीर

सोमवार, २६ ऑगस्ट

वहिनी,

काल लिहिलं. नक्कल देतो.

"गादीवाले या नावाचे सदस्य माझे थोरले भाऊ होते. ते १४ जून रोजी वारले. ते गप्प असण्याचा अर्थ एवढाच आहे. त्यांनी कोणत्याही कागदावर सही केलेली नव्हती. मी कपाट तपासलं आहे. मागचं वाक्य मी लिहिलं होतं, वकिलाने नाही. प्रत्येकाने आपापली गाणी ३१ तारखेच्या आत बाहेर काढून घ्यावीत. धाकटा भाऊ."

हे लिहायला मला तीन आठवडे का लागले, ते तुम्हाला सांगतो. फोनवर सांगितलं नव्हतं.

दादाच्या खोलीबाहेर तो लाल दिवा आहे. दिवा लागलेला असला की आत जायचं नाही, आवाज करायचा नाही, हा नियम तुम्ही इथे होतात तेव्हापासूनचा. १४ जूनला मी साडेपाचला घरी आलो. दिवा लागलेला होता. मी बूट हातात घेऊन आत आलो. नळ बारीक सोडून हातपाय धुतले. चहा केला तो कपाला चमचा न लावता. वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही, एकच पान वाचत बसलो. आठ वाजता जेवायला हाक मारावी म्हणून दार ढकललं. तो खुर्चीत होता, कानावर हेडफोन होते. डॉक्टर म्हणाले, दुपारीच झालंय, चारच्या सुमारास. मी लवकर गेलो असतो तरी काही फरक पडला नसता, असंही म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारून घेतलं.

अडीच तास मी समजत होतो की आत काम चाललंय. तेव्हा कट्ट्यावरच्या माणसांना हसण्याचा अधिकार मला नाही.

आता पुढचं. पहिलं उत्तर एका नवख्याचं आलं: "म्हणजे नऊ येणार नाही?" त्याला खडूसने असं काही झाडलं की त्याने स्वतःचं नावच बदलून घेतलं. मग गंजकी तारचं आलं: "काका, हे तुमच्याकडून जबरदस्तीने लिहून घेतलंय का? तसं असेल तर काही लिहू नका. नुसता हिरवा ठिपका दोनदा लावा-विझवा. आम्ही समजू."

मी काहीच करणार नव्हतो. नेमकी तेव्हा आमच्याकडची वीज गेली. आली. परत गेली. परत आली.

वहिनी, काय सांगू. सगळे येणारवाले नाचायला लागले. "दोनदा! दोनदा विझला!" खडूससुद्धा लिहून बसला, "च्यायला." शेवटी मी माझा फोन नंबर टाकला आणि लिहिलं, ज्यांना शंका आहे त्यांनी विचारावं.

मिनिटभरात फोन आला. मी हॅलो म्हणालो. मग अगदी हळू आवाज आला, "काका?"

मी म्हणालो, "नाही. मी धाकटा."

"आवाज तोच आहे हो तुमचा."

"लोक म्हणतात तसं."

"मी गंजकी तार." पुढे म्हणाला, "मला पहिली गिटार कुठे धरून रेकॉर्ड करायची ते त्यांनी शिकवलं. फोनवर. दीड तास. मी गादी टांगली तर आई ओरडली होती." मग म्हणाला, "बरं." मी म्हणालो, "बरं." त्यालाही पुढचं माहीत नव्हतं.

मग कट्ट्यावर एकेक येऊ लागलं. कुणाच्या लेकीचं पहिलं बोलणं दादाने खरखर काढून स्वच्छ करून दिलं होतं. कुणाला त्याने आठवडाभर रोज एकच उत्तर दिलं होतं, "वायर तपासा," आणि सातव्या दिवशी वायरच निघाली. खडूसने लिहिलं, "माझं त्यांच्याशी एकदाही पटलं नाही. आता भांडू कुणाशी?"

संध्याकाळी पेटीमास्तरांचा फोन आला. ते रडत नव्हते, घाईत होते. म्हणाले, "पोरांची दोनशे गाणी काढायचीत, पाच दिवसांत. तुमची किती आहेत?" मी म्हणालो, अकरा, पण आमच्या वहिनींना ती नको आहेत. ते म्हणाले, "नको असलेली गोष्टसुद्धा हातात असली तरच टाकता येते. लिहून घ्या, काय दाबायचं ते सांगतो."

मी दोन पानं लिहून घेतली आहेत. उद्याची रजा टाकली आहे. अर्जावर कारण लिहिलं: भावाचं काम. साहेबांनी वर पाहिलं. मी म्हणालो, "रंग दिलाच नव्हता, साहेब." ते उठून माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "पिस्ता वाईट नाही पण." त्यांचा हेतू चांगला होता.

तुमचा दीर

रविवार, १ सप्टेंबर

वहिनी,

तुमचं दुसरं कार्ड शुक्रवारी मिळालं. "पाचव्यात मी बेसूर आहे. ते काढून बाकीची पाठवा." मी ते साहेबांनासुद्धा दाखवलं.

काम असं झालं. ही आवृत्ती गाणं बाहेर काढायला गाण्याइतकाच वेळ घेते. पाच मिनिटांचं गाणं असेल तर पाच मिनिटं ते वाजतं आणि आपण बसायचं. मला वाटलं, बाहेरचा आवाज आत जाईल. म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, खाली जाऊन शिंपीणबाईंना म्हणालो, "तासभर मशीन थांबवाल का?" त्यांनी हातातला ब्लाउज तसाच टाकला आणि माझ्या मागोमाग वर आल्या. म्हणाल्या, "मी पण बसते, आवाज करणार नाही." सत्तावन्न मिनिटं आम्ही दोघं घामाघूम होऊन बसलो. मला शिंक आली ती मी उशीत दिली. नंतर पेटीमास्तरांना सांगितलं तर ते फोन हातातून पडेपर्यंत हसले. गाणं आतल्या आत उतरतं, बाहेर ढोल वाजवला तरी काही होत नाही म्हणे. शिंपीणबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

गाण्यांच्या मागेपुढे तुमचं दोघांचं बोलणं आहे. तिसऱ्याच्या शेवटी तो म्हणतो, "थांब जरा, पुढच्या आवृत्तीत हे आपोआप होणार आहे." तुम्ही म्हणता, "तोपर्यंत माझा गळा राहील का?" तो म्हणतो, "गळ्याचीपण नवीन आवृत्ती काढू." आणि तुम्ही त्याला काहीतरी फेकून मारता. काय ते कळलं नाही, पण लागल्याचा आवाज स्वच्छ आला आहे. गाद्यांचा गुण.

हे बोलणं काढायचं की ठेवायचं, ते न विचारता मी ठेवलं आहे.

पाचव्या गाण्याबद्दल. मला वजनातला फरक कळतो, सुरातला नाही. म्हणून पेटीमास्तरांना ऐकवलं. ते म्हणाले, बाई बेसूर नाहीत, त्या हसू दाबतायत. पुन्हा ऐका, मागे शिवणयंत्र चालू झालंय आणि तुमचे भाऊ काठीने जमीन ठोकतायत. मी ऐकलं. तसंच आहे. ते गाणं मी सगळ्यात शेवटी वेगळं ठेवलं आहे. काढायचं तर तुम्ही काढा.

एक तपासणी मी कुणाला न विचारता केली. प्रत्येक गाण्याची फाइल कधी उघडली, त्यात काय बदललं, याची नोंद नादपट ठेवतं. तुम्ही गेलात त्या वर्षी, मार्च महिन्यात शेवटचा बदल आहे. नंतर एकही नाही. पेटीमास्तरांना फाइली पाठवल्या, ते बघून म्हणाले, यात करण्यासारखं काही उरलेलंच नाही, हे सहा वर्षांपूर्वीच पुरं झालंय. पण अकराही फाइली ओळीने उघडलेल्या आहेत दर रविवारी, पावणेअकरापासून. उघडली, पूर्ण वाजवली, बदल न करता बंद केली. सहा वर्षांत तीनशेच्या वर रविवार झाले, त्यांतले चौदा चुकले आहेत. त्यातले नऊ मी त्याला दवाखान्यात नेलं होतं तेव्हाचे.

तो तुम्हाला सांगत होता, मला सांगत होता, सगळ्या कट्ट्याला सांगत होता, की नऊ आली की काम संपवीन. काम संपलेलं होतं. ते संपलंय असं म्हणायला तो तयार नव्हता, एवढंच दिसतं. यावरून काय निष्कर्ष काढायचा ते माझ्या अधिकारात नाही. मी फक्त काटा जिथे थांबला ते लिहिलं आहे.

पेटीमास्तरांची दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याण्णव निघाली. उरलेली दोन बेसूर होती असं ते म्हणतात. काल ३१ तारीख होती. आज सकाळी सवयीने नादपट उघडून पाहिलं, तर उघडलं. कट्ट्यावर आधीच धुमाकूळ चालू होता. "बंद नाही झालं! मुदत वाढवली! म्हणजे आत काहीतरी शिजतंय!" खडूस म्हणतो, बंद करायलासुद्धा तिकडे माणूस उरला नसेल. मी दादाच्या नावाने शेवटचं लिहिलं, "मला काही माहीत नाही," आणि बाहेर पडलो. दुपारी बघितलं तर त्यावर कुणीही काही अर्थ काढलेला नव्हता. नुसते सगळ्यांनी नमस्कार ठेवले होते.

गाणी पेनड्राइव्हवर घालून त्याची डबी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतो आहे. तुम्हाला इथे येऊन ऐकायचं असेल तर रविवारी मी घरी असतो. आलं नाही तरी चालेल. उगाच वाट बघत बसणार नाही. आमच्या घरात ते काम पुष्कळ झालं आहे.

दुपारी लाल दिव्याचा बल्ब काढला. संध्याकाळी बुटांना पॉलिश केलं, उद्या मंडईतले काटे तपासायचे आहेत. एक बूट वाळला. दुसरा खिडकीत ठेवला आहे.

तुमचा दीर